शेवटच्या रकान्यातलं क्रिकेट

24 मे 1979. वूस्टरच्या न्यू रोड मैदानावर मोजकेच प्रेक्षक तिकीट काढून बसले होते. आदल्या दिवशीचा खेळ पावसाने धुऊन नेला होता. सामना बेन्सन अँड हेजेस करंडकाचा, प्रत्येकी 55 षटकांचा. पाहुणा संघ सॉमरसेट, म्हणजे व्हिव्ह रिचर्ड्स, जोएल गार्नर, इयन बोथम यांचा संघ. कर्णधार ब्रायन रोझ आणि पीटर डेनिंग सलामीला उतरले. व्हॅनबर्न होल्डरने पहिलं षटक टाकलं. त्यात एक नोबॉल पडला आणि त्याची एक धाव फलकावर लागली. षटक संपलं आणि रोझने डाव घोषित केला. बिनबाद 1.

यजमान वूस्टरशायरला विजयासाठी दोन धावा हव्या होत्या. ग्लेन टर्नरने दोन एकेरी धावा काढल्या आणि दहा चेंडूंत सामना आटोपला. डावांमधली विश्रांती धरूनही सगळा कारभार वीसेक मिनिटांत उरकला. प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत करावे लागले.

रोझने हे का केलं? त्या स्पर्धेत गटातल्या संघांचे गुण सारखे झाले तर गोलंदाजांनी किती चेंडूंमागे एक बळी घेतला हे पाहून क्रम लागत असे. सॉमरसेटने आधीचे तिन्ही सामने जिंकले होते आणि त्यांच्या गोलंदाजांचा हा आकडा उत्तम होता. वूस्टरशायरविरुद्ध ते हरले तर गुण सारखे होण्याची शक्यता होती. हरताना पुष्कळ षटकं टाकावी लागली आणि बळी कमी मिळाले तर आकडा बिघडला असता. मग सामना असा हरायचा, की गोलंदाजीच करावी लागणार नाही. कागदावर रोझचं गणित चोख होतं. डाव घोषित करण्याला नियमांत कुठेही मनाई नव्हती.

1 जूनला लॉर्ड्सवर कसोटी आणि कौंटी क्रिकेट मंडळाची बैठक झाली. 17 विरुद्ध 1 मतांनी सॉमरसेटला स्पर्धेतून काढून टाकण्यात आलं. मर्यादित षटकांच्या सामन्यात डाव घोषित करायचा नाही हा नियम त्यानंतर आला. सॉमरसेटच्या खेळाडूंत कुवत होती, याबद्दल कुणाला शंका नको. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागोपाठच्या दोन दिवशी त्यांनी जिलेट करंडक आणि जॉन प्लेअर लीग जिंकली. क्लबच्या इतिहासातली ही पहिली दोन विजेतेपदं. म्हणजे हा संघ मैदानावर लढून जिंकू शकत होता, पण गुणतक्त्याच्या एका रकान्यापायी त्याने लढण्याचंच टाळलं.

न्यू रोडच्या त्या सामन्यापासून एक प्रश्न मर्यादित षटकांच्या क्रिकेटला चिकटून राहिला आहे. दोन संघांचे गुण सारखे झाले तर वर कोण? पुन्हा सामना खेळवायला वेळ नसतो आणि नाणं उडवणं कुणाला पटत नाही. मग आकड्यांकडे जावं लागतं. पण ज्या आकड्याला किंमत येते, त्या आकड्यासाठी कर्णधार खेळू लागतो. आज आपण ज्याला नेट रनरेट किंवा निव्वळ धावगती म्हणतो, तिचा इतिहास मला याच दृष्टीने पाहावासा वाटतो. सूत्र कसं आहे याइतकंच ते कुणाला माहीत होतं आणि कधी माहीत होतं, हेही त्यात येतं.

सुरुवातीच्या विश्वचषकांत हिशेब साधा होता. तुम्ही प्रत्येक षटकामागे किती धावा केल्या, एवढंच पाहायचं. 1983 मध्ये आपण जिंकलो म्हणून तो विश्वचषक आपल्या लक्षात आहे, पण दुसऱ्या गटात काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. तिथे पाकिस्तान आणि न्यूझीलंड यांचे प्रत्येकी 12 गुण झाले. एकमेकांविरुद्धचा हिशेबही 1-1. शेवटचा सामना 20 जूनला ट्रेंट ब्रिजवर या दोघांमध्येच झाला. झहीर अब्बासच्या नाबाद 103 आणि इम्रान खानच्या नाबाद 79 धावांच्या जोरावर पाकिस्तानने 261 केल्या. न्यूझीलंड 250 वर सर्वबाद, अवघ्या 11 धावांनी पराभूत. धावगती पाहिली तर पाकिस्तान 4.01, न्यूझीलंड 3.93. पाकिस्तान उपांत्य फेरीत गेलं.

या हिशेबात एक मोठं भोक होतं. स्वॉन्सीला पाकिस्तानने श्रीलंकेविरुद्ध 338 धावा कुटल्या होत्या, त्या सगळ्या त्यांच्या खात्यात जमा झाल्या. पण त्याच खेळपट्टीवर श्रीलंकेने उत्तरादाखल 288 केल्या, त्याची नोंद पाकिस्तानच्या खात्यात कुठेच नव्हती. पाटा खेळपट्टी मिळाली की तुमची चांदी, आणि गोलंदाजांनी समोरच्या संघाला कितीही जखडून ठेवलं तरी त्याला शून्य किंमत. जमा तेवढी मांडायची आणि खर्च लिहायचाच नाही, अशी ही वही होती.

म्हणून निव्वळ धावगती आली. 1992 च्या विश्वचषकाच्या गुणतक्त्यात ती दिसते. विचार सरळ आहे. संपूर्ण स्पर्धेत तुम्ही केलेल्या एकूण धावांना तुम्ही खेळलेल्या एकूण षटकांनी भागायचं. तुमच्याविरुद्ध झालेल्या एकूण धावांना तुम्ही टाकलेल्या एकूण षटकांनी भागायचं. पहिल्यातून दुसरं वजा करायचं. उत्तर अधिक आलं तर तुम्ही प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वेगाने धावा करत आहात, उणे आलं तर हळू.

यात तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिली गोष्ट, षटकांच्या आकड्यातलं टिंब हे दशांश चिन्ह नव्हे. 14.3 षटकं म्हणजे चौदा षटकं आणि तीन चेंडू, म्हणून भागताना 14.5 घ्यायचे, 37.1 म्हणजे सदतीस आणि एक षष्ठांश. कॅल्क्युलेटरवर थेट 14.3 दाबणाऱ्याचं उत्तर चुकणारच. दुसरी गोष्ट, प्रत्येक सामन्याची धावगती काढून त्यांची सरासरी घ्यायची नसते. धावांची एकत्र बेरीज आणि षटकांची एकत्र बेरीज करूनच भागाकार होतो. तिसरी आणि सर्वांत जाचक गोष्ट, संघ सर्वबाद झाला तर तो जितकी षटकं टिकला तितकी धरत नाहीत, त्याच्या वाट्याची सगळी षटकं धरतात. पावसाने रद्द झालेला सामना हिशेबात येत नाही आणि डकवर्थ-लुईस लागलं तर धावा व षटकं सुधारित आकड्यांप्रमाणे मोजतात, तो तपशील इथे पुरे.

सर्वबादचा नियम किती जड आहे हे 2019 च्या पाकिस्तानला विचारावं. 31 मे रोजी, पुन्हा ट्रेंट ब्रिजवरच, वेस्ट इंडिजने त्यांना 21.4 षटकांत 105 धावांत गुंडाळलं आणि 13.4 षटकांत 108 धावा करून सामना संपवला. पाकिस्तानच्या 105 धावांना भागायचं 50 ने, म्हणजे 2.10. वेस्ट इंडिजच्या 108 धावांना 13.67 ने, म्हणजे 7.90. एका सामन्याची निव्वळ धावगती उणे 5.80! पुढे पाकिस्तानने जोर धरला आणि ज्या न्यूझीलंडशी शेवटी गाठ पडणार होती त्यालाही एजबॅस्टनवर हरवलं. अखेरीस दोघांचे 11 गुण झाले आणि विजयही प्रत्येकी पाच. पण नियमानुसार विजयांनंतर पाहायची ती निव्वळ धावगती. शेवटच्या सामन्यात बांगलादेशविरुद्ध लॉर्ड्सवर 315 धावा केल्यावरही पाकिस्तानला बांगलादेशला अवघ्या 7 धावांत सर्वबाद करायचं होतं. ते होणारच नव्हतं. पाकिस्तान 94 धावांनी जिंकलं आणि घरी गेलं. न्यूझीलंड अधिक 0.175, पाकिस्तान उणे 0.430. पाकिस्तानकडून हरलेलं न्यूझीलंड पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचलं. माझं मत स्पष्ट आहे. दोनच संघ बरोबरीत असतील तर त्यांच्यातला आपसातला सामना आधी पाहायला हवा होता. महिनाभराच्या खेळावर एका दुपारचं अपयश इतकं भारी पडणं मला न्याय्य वाटत नाही.

या रकान्याचं सगळ्यात मोठं नाट्य मात्र 1999 च्या विश्वचषकात घडलं, आणि त्याला एक किनार आपल्या घरची आहे.

त्या स्पर्धेत दोन गटांतून प्रत्येकी तीन संघ 'सुपर सिक्स'मध्ये जाणार होते. गटात जे संघ तुमच्याबरोबर पुढे जातील, त्यांच्याविरुद्ध मिळवलेले गुण तेवढे सोबत न्यायचे, बाकीचे तिथेच सोडायचे. भारताची सुरुवात वाईट झाली. 19 मे रोजी मुंबईत प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांचं निधन झालं. सचिन घरी परतला, आणि त्याच दिवशी लेस्टरला त्याच्याशिवाय खेळणारा भारत झिम्बाब्वेकडून तीन धावांनी हरला. अंत्यसंस्कार आटोपून सचिन पुन्हा इंग्लंडला गेला आणि 23 मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140 धावा केल्या. शतक पूर्ण झाल्यावर त्याने आकाशाकडे पाहिलं, ते चित्र मराठी घराघरांत आजही आठवतं. भारताने तो सामना 94 धावांनी जिंकला. तीनच दिवसांनी टाँटनला सौरव गांगुली आणि राहुल द्रविड यांनी श्रीलंकेविरुद्ध 318 धावांची भागीदारी रचली, भारत 6 बाद 373, विजय 157 धावांनी.

भावना बाजूला ठेवून गुणतक्ता पाहिला तर या दोन सामन्यांचं मोल कळतं. गटाच्या शेवटी भारत, झिम्बाब्वे आणि इंग्लंड तिघांचेही 6 गुण. तिघांनी एकमेकांपैकी एकेकाला हरवलेलं, त्यामुळे आपसातल्या निकालांनीही पेच सुटेना. निव्वळ धावगतीत भारत अधिक 1.28, झिम्बाब्वे अधिक 0.02, इंग्लंड उणे 0.33. यजमान इंग्लंड आपल्याच देशातल्या विश्वचषकातून पहिल्याच फेरीत बाहेर पडलं. दुबळ्या संघांविरुद्धचे विजय सावकाश मिळवून चालतं, ही त्यांची समजूत त्यांना नडली. भारताने केनियाला नुसतं हरवलं नव्हतं, मोठ्या फरकाने हरवलं होतं, आणि पुढे जाताना तोच फरक कामी आला.

दुसऱ्या गटात त्याच शनिवार-रविवारी वेगळाच डाव शिजत होता. ऑस्ट्रेलिया गटात न्यूझीलंड आणि पाकिस्तान या दोघांकडून हरलं होतं. 30 मे रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर ग्लेन मॅक्ग्राने 14 धावांत 5 बळी घेतले आणि वेस्ट इंडिज 110 मध्ये आटोपलं. विजय हातात होता. पण न्यूझीलंडऐवजी वेस्ट इंडिज पुढे गेलं, तर ऑस्ट्रेलियाला या विजयाचे दोन गुण सोबत नेता येणार होते. न्यूझीलंड पुढे गेलं तर सोबत काहीच नाही. वेस्ट इंडिजची धावगती फार बिघडू द्यायची नाही, हे त्यातून आलेलं गणित. 111 धावांच्या पाठलागात ऑस्ट्रेलियाचे फलंदाज शेवटी एकेक धावेसाठी ताटकळत राहिले. स्टीव्ह वॉ आणि मायकेल बेव्हन खेळपट्टीवर, प्रेक्षक हुर्यो उडवत आहेत, आणि सामना संपला तो तब्बल 40.4 षटकांनी. न्यू रोडला वीस मिनिटांत जे झालं, तेच इथे काही तासांत झालं.

दुसऱ्या दिवशी एडिंबराला न्यूझीलंडने स्कॉटलंडला 121 मध्ये बाद केलं आणि तेवढ्या धावा 17.5 षटकांत काढल्या. तक्ता मिटला तेव्हा न्यूझीलंड 0.58, वेस्ट इंडिज 0.50. ऑस्ट्रेलियाची सगळी खटपट वाया गेली. शून्य गुणांनी ते सुपर सिक्समध्ये आले. यापुढे एकही सामना हरायला वाव नव्हता.

आणि मग ज्या रकान्याने त्यांना दगा दिला, त्यानेच त्यांना तारलं. 13 जूनला हेडिंग्लीवर स्टीव्ह वॉच्या नाबाद 120 धावांनी ऑस्ट्रेलियाने दोन चेंडू राखून दक्षिण आफ्रिकेला हरवलं. सुपर सिक्समध्ये पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका तिघांचे 6 गुण झाले. पाकिस्तानने ऑस्ट्रेलियाला, ऑस्ट्रेलियाने आफ्रिकेला, आफ्रिकेने पाकिस्तानला हरवलेलं, म्हणजे पुन्हा चक्र. धावगतीत ऑस्ट्रेलिया 0.36, दक्षिण आफ्रिका 0.17. चार दिवसांनी एजबॅस्टनवरच्या उपांत्य सामन्यात दोघांच्याही 213 धावा झाल्या. लान्स क्लूजनर धावत सुटला, ॲलन डोनाल्ड जागीच राहिला आणि सामना बरोबरीत सुटला. सुपर सिक्सच्या तक्त्यात वर असलेला संघ पुढे, असा नियम होता. लोक अजून त्या धावबादबद्दल बोलतात. पण बरोबरीने दक्षिण आफ्रिकेचं काम होत नव्हतं, याचं कारण 0.36 आणि 0.17 यांच्यातला फरक हे होतं. ऑस्ट्रेलियाने पुढे विश्वचषकही जिंकला.

आता वानखेडेवर येऊ. 25 मे 2014, आयपीएलच्या साखळी फेरीचा शेवटचा सामना. बाद फेरीची एक जागा शिल्लक होती. राजस्थान रॉयल्सचे 14 गुण, मुंबई इंडियन्सचे 12. मुंबई जिंकली तर गुण सारखे, आणि मग धावगती. राजस्थानने संजू सॅमसनच्या 74 आणि करुण नायरच्या 50 धावांच्या जोरावर 4 बाद 189 धावा केल्या. मुंबईला नुसतं जिंकायचं नव्हतं. 190 धावा 14.3 षटकांत, म्हणजे 87 चेंडूंत करायच्या होत्या. षटकामागे तेरापेक्षा जास्त.

कोरी अँडरसनने अशक्य ते शक्यतेच्या टप्प्यात आणलं. त्याने 44 चेंडूंत नाबाद 95 धावा केल्या आणि अंबाती रायुडूने दहा चेंडूंत 30. चौदा षटकं संपली तेव्हा मुंबई 181. तीन चेंडू, नऊ धावा, गोलंदाज जेम्स फॉकनर. पहिल्या चेंडूवर एक धाव. दुसऱ्यावर रायुडूचा षटकार. तिसऱ्या चेंडूवर दोन हव्या होत्या. एक झाली, दुसरीसाठी पळताना रायुडू धावबाद. 14.3 षटकांत 189. धावसंख्या बरोबरीत, लक्ष्य एका धावेने हुकलं. राजस्थानच्या गोटात जल्लोष सुरू झाला, वानखेडे चिडीचूप.

इथे सूत्राचं एक दार उघडतं, जे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. धावसंख्या बरोबरीत असताना फलंदाज पळून विजयी धाव काढतो तेव्हा एकच धाव मोजतात, कारण लक्ष्य गाठताच सामना संपतो. पण तोच फटका सीमापार गेला तर चारही किंवा सहाही धावा जमा होतात. आता आकडे मांडू. 190 धावा 14.5 ने भागल्या तर 13.10, ही मुंबईची गरज होती. पुढच्या चेंडूला, म्हणजे 14.4 षटकांत, एकेरी धाव काढून 190 केल्या तर 12.95, राजस्थान पुढे. चौकार मारून 193 केल्या तर 13.16, मुंबई पुढे. एक चेंडू जास्त लागला तरी तीन धावा जास्त मिळत होत्या, आणि त्या तीन धावा त्या चेंडूची भरपाई करून वर उरत होत्या.

दोन चेंडूंच्या मधल्या त्या काही मिनिटांत हा हिशेब झाला आणि तो मैदानात पोचला. नवा फलंदाज आदित्य तरे समोर आला तेव्हा त्याला नेमकं ठाऊक होतं, की एकेरी धाव काढून उपयोग नाही, चेंडू सीमारेषेबाहेरच गेला पाहिजे. फॉकनरचा चेंडू पायाच्या दिशेने आलेला फुलटॉस होता. तरेने तो उचलून लेगला प्रेक्षकांत भिरकावला. 14.4 षटकांत 195. तरे हात पसरून सैरावैरा धावत सुटला. राजस्थानचा मार्गदर्शक राहुल द्रविड, ज्याला कुणी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, त्याने टोपी जमिनीवर आपटली. अंतिम तक्त्यात मुंबई 0.095, राजस्थान 0.060. तरेने पुढे 2015-16 च्या मोसमात मुंबईला आपल्या नेतृत्वाखाली रणजी करंडक जिंकून दिला, पण मुंबईकर त्याला ओळखतात ते त्या एका चेंडूमुळे.

मुंबईचा तो संघ पुढच्याच सामन्यात चेन्नईकडून हरून बाहेर पडला. तरीही त्या रात्रीच्या सामन्यात मला मोलाची वाटते ती एकच गोष्ट, हिशेब वेळेवर पोचला. तो पोचला नाही तर काय होतं, हे नऊ वर्षांनी लाहोरला दिसलं.

5 सप्टेंबर 2023, आशिया चषक, गद्दाफी स्टेडियम. श्रीलंकेच्या 8 बाद 291 धावा. अफगाणिस्तान आधी बांगलादेशकडून 89 धावांनी हरलं होतं, तेव्हा बांगलादेशने 334 केल्या होत्या आणि अफगाणिस्तान 245 वर सर्वबाद. श्रीलंकेने बांगलादेशला 164 मध्ये बाद करून 39 षटकांत 165 केल्या होत्या. अफगाणिस्तानला श्रीलंकेच्या वर जायचं तर 292 धावा 37.1 षटकांत हव्यात, असं जाहीर झालं. वाचकाने कागद घेऊन पडताळून पाहावं. अफगाणिस्तानच्या धावा 245 अधिक 292, म्हणजे 537. सर्वबादचे 50 धरून षटकं 87.17, भागाकार 6.16. त्यांच्याविरुद्ध 334 अधिक 291, म्हणजे 625, षटकं 100, भागाकार 6.25. वजाबाकी उणे 0.09. श्रीलंकेची वजाबाकी त्याच पद्धतीने उणे 0.11 येते. अफगाणिस्तान वर. आणखी एक चेंडू लागला, 37.2 झाले, की दोन्ही आकडे उणे 0.10 च्या आसपास येतात आणि श्रीलंका केसभर वर जाते.

मोहम्मद नबीने 32 चेंडूंत 65 धावा करून पाया रचला होता. सदतिसाव्या षटकात रशीद खानने तीन चौकार मारले. 37 षटकं, 8 बाद 289. एक चेंडू, तीन धावा. समोर मुजीब. धनंजय डिसिल्व्हाच्या चेंडूवर त्याने उंच फटका मारला आणि झेल गेला. दुसऱ्या टोकाला रशीद गुडघ्यांवर बसला. संपलं, असंच सगळ्या संघाने मानलं.

पण संपलेलं नव्हतं. तेच वानखेडेचं दार इथेही उघडं होतं. 37.3 षटकांपर्यंत 294, 37.5 पर्यंत 295, 38 पर्यंत 296, अगदी 38.1 पर्यंत 297 झाल्या असत्या तरी अफगाणिस्तान पुढे गेलं असतं. नव्या आलेल्या फझलहक फारुकीने एकेरी धाव घेऊन रशीदला समोर आणलं असतं, तर त्याच्या एका फटक्यावर सगळं अवलंबून राहिलं असतं, आणि रशीद त्या वेळी 16 चेंडूंत 27 धावांवर होता. फारुकीने दोन चेंडू नुसते तटवले. तिसऱ्यावर पायचीत. अफगाणिस्तान 37.4 षटकांत सर्वबाद 289, दोन धावांनी पराभूत. सामन्यानंतर प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी सांगितलं, की आम्हाला फक्त 37.1 षटकांत जिंकायचं आहे एवढंच कळवलं गेलं होतं. 295 किंवा 297 चे पर्याय कुणी सांगितले नाहीत.

संघाच्या विश्लेषकाने हे स्वतः काढायला हवं होतं, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं अर्धं खरं आहे. लॅपटॉप सगळ्यांकडे असतो. पण उरलेलं अर्धं आयोजकांच्या अंगावर येतं. डकवर्थ-लुईसचं कोष्टक दोन्ही कर्णधारांना छापून दिलं जातं, दर षटकाची बरोबरीची धावसंख्या फलकावर झळकते. निव्वळ धावगतीच्या बाबतीत मात्र एक आकडा तोंडी सांगून काम भागवलं जातं, आणि तो आकडा अपुरा असतो. या सूत्रात इतर दोषही आहेत. गडी किती पडले याला त्यात किंमत नाही. दहा गडी राखून जिंका की एक गडी राखून, हिशेब तोच. ते दोष दूर करायला नवं सूत्र शोधावं लागेल आणि त्यावर वाद होतील. ही एक उणीव मात्र उद्याच्या सामन्यापासून दूर करता येईल. ज्या सामन्यात पात्रता धावगतीवर ठरणार आहे, तिथे दुसरा डाव सुरू होण्याआधी दोन्ही संघांच्या हातात एक कागद द्यावा. कोणत्या चेंडूपर्यंत किती धावा हव्यात, आणि बरोबरीनंतर चौकार किंवा षटकार बसला तर मुदत कुठवर वाढते, हे सगळं त्यावर लिहिलेलं असावं. तोच कागद मैदानाच्या फलकावर आणि घरच्या पडद्यावरही दाखवावा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आणि भारतीय नियामक मंडळाने आपल्या स्पर्धांच्या नियमावलीत एवढं एक कलम घालावं.